अँटिबायोटिकची राखण : सिस्टरचे काम आणि आपले काम



विनयपिटकातील महावग्गात एक प्रसंग आहे. एक भिक्खू अतिसाराने आजारी होता. स्वतःच्या मलमूत्रात पडून होता आणि त्याच्याकडे कोणी फिरकत नव्हते. तथागत आनंदांसह तिथे आले. तथागतांनी पाणी ओतले, आनंदांनी त्याचे अंग धुतले. मग एकाने डोक्याकडून आणि दुसऱ्याने पायाकडून धरून त्याला खाटेवर ठेवले. त्यानंतर तथागतांनी संघाला बजावले की, ज्याला आपली सेवा करावीशी वाटते त्याने आजाऱ्याची सेवा करावी.

याच ठिकाणी चांगल्या शुश्रूषा करणाऱ्याचे पाच गुण सांगितले आहेत. त्याला औषध तयार करून देता यावे. रोग्याला काय हितकर आणि काय अहितकर हे त्याला कळावे. त्याने लोभाने नव्हे तर मैत्रीभावाने सेवा करावी. मल, मूत्र, थुंकी, वांती उचलताना किळस करू नये. आणि वेळोवेळी रोग्याला चार समजुतीच्या गोष्टी सांगून धीर द्यावा. हे वाचताना आपल्या डोळ्यांपुढे दवाखान्यातली सिस्टर उभी राहते. आपल्या वस्त्यांतल्या अनेक मुली हेच शिक्षण घेऊन वॉर्डात उभ्या आहेत.

त्या सिस्टरच्या एका कामाबद्दल आपण फारसे बोलत नाही. ते काम म्हणजे अँटिबायोटिकची राखण. शेतात पिकाची राखण असते, तशीच ही औषधाची राखण आहे. या वेळच्या आरोग्य पाठात ती समजून घेऊ.

औषध निकामी कसे होते?

अँटिबायोटिक, म्हणजे प्रतिजैविक, हे जिवाणू मारणारे किंवा त्यांची वाढ थांबवणारे औषध आहे. न्यूमोनिया, लघवीच्या मार्गाचा संसर्ग, पिकलेली जखम, बाळंतपणानंतरचा संसर्ग, टायफॉईड हे जिवाणूंचे आजार आहेत. साधी सर्दी, बहुतेक घसादुखी, फ्लू, डेंग्यू, चिकुनगुनिया हे विषाणूंचे आजार आहेत. त्यांच्यावर अँटिबायोटिकचा काही उपयोग होत नाही.

आपल्या यवतमाळ जिल्ह्याला हे समजावायला कापसाचे उदाहरण पुरे आहे. २००२ साली बीटी कापूस आला तेव्हा बोंडअळी मरत होती. पण लाखो अळ्यांत एखादी चिवट अळी वाचते. तिची पिल्लेही चिवट निघतात. तोच बीटी वर्षानुवर्षे पेरत गेलो आणि गुलाबी बोंडअळी त्याला सरावली. २०१७ च्या हंगामात तिने विदर्भातल्या कापसाचे काय केले, ते आपण पाहिले आहे.

जिवाणूंचेही असेच होते. गरज नसताना अँटिबायोटिक घेतले, कमी मात्रेत घेतले, दोन दिवस घेऊन सोडले, की साधे जिवाणू मरतात आणि चिवट जिवाणू उरतात. पुढे तेच वाढतात. पुष्कळ लोक म्हणतात, ‘माझ्या अंगाला या औषधाची सवय झाली.’ तसे नसते. अंगाला सवय होत नाही, जिवाणू औषधाला सरावतो. आणि तो चिवट जिवाणू एका माणसापाशी थांबत नाही. घरातल्या बाळाकडे, शेजारच्या खाटेवरच्या बाळंतिणीकडे तो जाऊ शकतो.

पेनिसिलिन शोधणाऱ्या अलेक्झांडर फ्लेमिंग यांनी १९४५ साली नोबेल पारितोषिकाच्या भाषणातच हा धोका सांगून ठेवला होता. मात्रा कमी पडली तर जिवाणू मरण्याऐवजी शिकून जातील, असा त्यांच्या बोलण्याचा अर्थ होता. २०१९ साली जगभरात सुमारे १२ लाख ७० हजार मृत्यू थेट अशा चिवट जिवाणूंमुळे झाले, असा शास्त्रज्ञांचा अंदाज आहे.

औषध नव्हते तेव्हा

सावित्रीबाई फुले यांचा शेवट आपल्याला माहीत आहे. १८९७ साली पुण्यात प्लेग पसरला. त्यांचे पुत्र डॉ. यशवंत यांनी हडपसरच्या ससाणे माळावर दवाखाना उघडला. मुंढव्याच्या महारवाड्यातील एका आजारी मुलाला सावित्रीबाईंनी पाठीवर घालून तिथे आणले. त्यांना स्वतःला लागण झाली आणि १० मार्च १८९७ रोजी त्यांचे निधन झाले.

प्लेग हा जिवाणूचा आजार आहे. तो जिवाणू १८९४ मध्ये सापडला होता, पण त्याला मारणारे औषध नव्हते. स्ट्रेप्टोमायसिन सापडले १९४३ साली. आज प्लेगचा रोगी वेळेवर आला तर अँटिबायोटिकने बरा होतो. सावित्रीबाईंजवळ सेवेचा हात होता, औषध नव्हते. आज दोन्ही आहेत. औषध वाया घालवले तर नुसता हात उरेल.

वॉर्डात सिस्टर काय करते?

यवतमाळच्या वसंतराव नाईक शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाचे रुग्णालय असो, की पुसद, दारव्हा, वणी, पांढरकवडा, उमरखेडचा सरकारी दवाखाना असो, औषध लिहितात डॉक्टर. ते बदलण्याचा अधिकार सिस्टरला नसतो. पण लिहिलेले औषध रोग्याच्या अंगात नीट पोहोचते की नाही, हे सिस्टरच्या हातात असते. डॉक्टर राऊंड घेऊन जातात, सिस्टर चोवीस तास ड्यूटीवर आळीपाळीने असते.

पहिले, विचारणे. ‘आधी कोणत्या औषधाने अंगावर पित्त उठले होते का, दम लागला होता का?’ हा प्रश्न सिस्टर विचारते. पेनिसिलिनसारख्या औषधांची ॲलर्जी जिवावर बेतू शकते. ‘गावात कोणती गोळी, कोणती सुई घेतली?’ हेही ती विचारते.

दुसरे, नमुना घेणे. जिवाणू कोणता आणि त्याला कोणते औषध मारते हे पाहण्यासाठी रक्त, लघवी, पू किंवा बेडका तपासायला पाठवतात. याला कल्चर म्हणतात. शक्यतो हा नमुना अँटिबायोटिकचा पहिला डोस देण्याआधी घ्यावा लागतो. औषध आधीच पोटात गेले असेल, तर नमुन्यात जिवाणू वाढत नाही आणि रिपोर्ट फसवा येतो. लघवीचा नमुना देताना सुरुवातीची थोडी लघवी सोडून मधली धार घ्यायची असते. बेडका म्हणजे खोलवर खोकून आलेला कफ, तोंडातली थुंकी नव्हे. हे सिस्टर समजावून सांगते. ते नीट ऐकले नाही तर दोन-तीन दिवस फुकट जातात. रिपोर्टात औषधांपुढे एस किंवा आर असे लिहिलेले असते. एस म्हणजे औषध लागू पडते, आर म्हणजे जिवाणू त्याला सरावला आहे.

तिसरे, वेळ पाळणे. दिवसातून तीन वेळा आणि आठ-आठ तासांनी यात फरक आहे. आठ तासांचे औषध सकाळी ६, दुपारी २ आणि रात्री १० वाजता, असे द्यावे लागते. रक्तातली औषधाची पातळी खाली गेली की जिवाणू डोके वर काढतो. रात्री सिस्टर सुई द्यायला येते तेव्हा नातेवाईक म्हणतात, ‘आत्ता डोळा लागला जी म्हातारीचा, सकाळी द्या.’ माया समजते, पण त्या वेळी म्हातारीला उठवणे हीच माया आहे. ज्याच्या रक्तात संसर्ग पसरला आहे, अशा अत्यवस्थ रोग्याला तर पहिला डोस शक्यतो पहिल्या तासातच मिळावा लागतो. तिथे सिस्टरची धावपळ जीव वाचवते.

चौथे, आठवण करून देणे. सुरुवातीला डॉक्टर अंदाजाने औषध सुरू करतात. दोन-तीन दिवसांनी रोग्याची स्थिती आणि रिपोर्ट पाहून पुन्हा ठरवायचे असते. औषध चालू ठेवायचे, बदलायचे, की बंद करायचे? ‘सर, सात नंबरचा कल्चर रिपोर्ट आला आहे, ताप उतरला आहे, जेवायला लागली आहे, गोळी चालेल का?’ असे राऊंडच्या वेळी विचारणारी सिस्टर मोठे काम करते. तिच्या एका प्रश्नाने अनावश्यक सुया थांबू शकतात.

पाचवे, संसर्गच होऊ न देणे. झालाच नाही त्या संसर्गाला अँटिबायोटिक लागत नाही. एका रोग्याकडून दुसऱ्याकडे जाताना हात धुणे, हातातली सुई रोज पाहणे, गरज संपली की लघवीची नळी काढण्याची आठवण करणे, जखमेची पट्टी स्वच्छ हाताने बदलणे ही कामे साधी दिसतात. पण दवाखान्यातले जिवाणू बाहेरच्यापेक्षा जास्त चिवट असू शकतात. तिथे लागलेला संसर्ग महागात पडतो.

साधे औषध म्हणजे हलके औषध नव्हे

आता एक अवघड गोष्ट बोलू. वॉर्डात सुई बंद करून गोळी दिली, सलाईन काढले, की आपल्या माणसाच्या मनात येते, ‘आपण गरीब, आपल्या वस्तीचे, म्हणून स्वस्तातले देऊन कटवतात.’ ही शंका हवेतून आलेली नाही. अवहेलनेचा मोठा इतिहास तिच्या मागे आहे. त्यामुळे प्रश्न विचारायचाच. ‘सिस्टर, सुई बंद करून गोळी का दिली?’ हा प्रश्न विचारणे आपला हक्क आहे आणि नीट उत्तर मिळणे हाही.

पण उत्तर काय असते, तेही समजून घेऊ. रोगी तोंडाने खाऊ-पिऊ लागला आणि ताप उतरला, तर अनेक आजारांत गोळी सुईइतकेच काम करते. हातात सुई जितके दिवस राहते तितका तिथून संसर्ग होण्याचा धोका वाढतो. गोळीवर आले की रोगी लवकर घरी जातो आणि मजुरीही कमी बुडते.

जागतिक आरोग्य संघटनेने २०१७ साली अँटिबायोटिकचे तीन गट केले. पहिल्या गटात नेहमीच्या संसर्गासाठी आधी वापरायची औषधे आहेत, जसे अमॉक्सिसिलिन. दुसऱ्या गटात जपून, नजर ठेवून वापरायची, जसे सेफ्ट्रियाक्झोन आणि ॲझिथ्रोमायसिन. तिसऱ्या गटात राखून ठेवायची शेवटची औषधे, जसे कोलिस्टिन. म्हणजे भारी औषध आधी देणे ही चांगली सेवा नव्हे. घरातले बियाणे आपण सणाला शिजवून खात नाही, तसेच हे आहे. शेवटचे औषधही चालेनासे झाले, तर श्रीमंताला मोठ्या शहरात जाता येते. आपल्या माणसाला मात्र दागिना मोडून, कर्ज काढून महागड्या सुया आणाव्या लागतात. म्हणून साधे औषध चालत राहणे यात सर्वांत मोठे हित गरिबाचेच आहे.

गडचिरोलीचा धडा

जबाबदारीने वापर म्हणजे औषध टाळणे नव्हे. हे आपल्याच विदर्भात सिद्ध झाले आहे. डॉ. अभय बंग आणि डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’ संस्थेने गडचिरोली जिल्ह्यात १९८८ पासून बालकांच्या न्यूमोनियावर काम केले. पुढे ३९ गावांत गावातल्याच महिलांना आरोग्यदूत म्हणून शिकवले. बाळाचा श्वास पूर्ण मिनिटभर मोजायचा, ठरलेली धोक्याची लक्षणे पाहायची, ती दिसली तरच अँटिबायोटिक द्यायचे आणि सगळे लिहून ठेवायचे, अशी शिस्त होती. १९९९ साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात निष्कर्ष छापून आले. तुलनेच्या गावांपेक्षा नवजात बालकांचे मृत्यू ६२ टक्क्यांनी घटले होते. आज आशाताई बाळंतिणीच्या घरी भेटी देतात, त्या पद्धतीला या कामाचा आधार आहे.

यातून काय शिकायचे? कोणाला औषध नको आणि कोणाला या क्षणी हवे, हे ओळखणे हे एकच कौशल्य आहे. डोळसपणे पाहणारी, मोजणारी, लिहिणारी बाई ते करू शकते. वॉर्डातली सिस्टर तेच करते.

श्वासाची मोजणी घरीही करता येते. दोन महिन्यांखालील बाळाचा श्वास शांत असताना मिनिटाला ६० किंवा जास्त, दोन महिने ते एक वर्षाच्या बाळाचा ५० किंवा जास्त, एक ते पाच वर्षांच्या मुलाचा ४० किंवा जास्त असेल, किंवा छाती आत ओढली जात असेल, तर मेडिकलमधून औषध आणून वाट पाहू नका. थेट दवाखाना गाठा.

सिकलसेल असलेल्या घरांसाठी

आपल्या समाजात आणि आदिवासी बांधवांत सिकलसेलचे प्रमाण जास्त आहे. सिकलसेलच्या मुलाची प्लीहा नीट काम करत नाही, म्हणून काही जिवाणू त्याच्या रक्तात झपाट्याने पसरतात. अशा मुलाला १०१ च्या वर ताप आला तर ती तातडीची वेळ आहे. ‘अँटिबायोटिक कमी घ्यावे’ असे कुठे वाचले म्हणून घरी थांबू नका. दवाखान्यात पोहोचताच सिस्टरला पहिले वाक्य हेच सांगा, ‘मुलाला सिकलसेल आहे.’ कार्ड सोबत ठेवा. लहान मुलांना पाच वर्षांपर्यंत रोज पेनिसिलिन देण्याचा सल्ला डॉक्टर देतात. तो दिला असेल तर एकही दिवस चुकवू नका. न्यूमोनियाची लसही वेळेवर द्या.

रोग्याचेही पाच गुण

महावग्गातल्या त्याच प्रकरणात रोग्याचेही पाच गुण सांगितले आहेत. आजच्या वॉर्डात ते असे पाळता येतील.

१. हितकर तेच करणे. सर्दी-तापात ‘एक सुई मारून द्या न जी’, ‘सलाईन लावून द्या’ असा हट्ट धरू नये. भेटायला येताना आणि जाताना साबणाने हात धुवावेत. रोग्याच्या खाटेवर गर्दी करून बसू नये. लघवीची पिशवी उचलून खाटेवर ठेवू नये आणि जमिनीवर टेकू देऊ नये. ती कमरेच्या खालीच टांगलेली राहू द्यावी.

२. मात्रा ओळखणे. सांगितले तितके, सांगितल्या वेळी, सांगितले तितके दिवस. बरे वाटले म्हणून मनाने बंद नको, आणि उरलेले पुढच्या आजाराला ठेवणे नको. आपल्या पाकिटातल्या चार गोळ्या शेजारणीला देणे हे दान नव्हे. क्षयरोगाचे औषध मध्येच सोडले तर काय होते, याची उदाहरणे अनेक वस्त्यांना माहीत आहेत.

३. औषध घेणे. गरज आहे तिथे टाळाटाळ नको. गोळी घेतल्यावर जुलाब, पुरळ किंवा दम लागला तर स्वतः बंद करून गप्प बसू नये, लगेच सिस्टरला सांगावे.

४. खरे सांगणे. आजार वाढतो आहे, उतरतो आहे, की तसाच आहे, हे खरे सांगावे. गावात कोणाकडून सुई घेतली, मेडिकलमधून चिठ्ठीशिवाय काय आणले, तेही लपवू नये. रिकामे पाकीट सोबत आणावे. सुई लावलेली जागा लाल झाली, सुजली, दुखली तर राऊंडची वाट पाहू नये.

५. सोसणे. ताप पहिल्या सुईने उतरतोच असे नाही. दोन दिवस धीर धरावा लागतो. त्या दोन दिवसांत सिस्टरवर ओरडल्याने जिवाणू लवकर मरत नाही. तिच्याकडे अनेक खाटा असतात. उद्धटपणा कोणी केला तर तक्रार करण्याचा मार्ग आहेच, पण प्रश्न आदराने विचारावा आणि उत्तर आदराने मागावे.

मेडिकलच्या दुकानात

ज्या औषधाच्या पाकिटावर लाल उभी रेघ असते, ते डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय घेऊ नये. ही रेघ ओळखावी म्हणून केंद्र सरकारने २०१६ साली मोहीम काढली. १ मार्च २०१४ पासून अनेक अँटिबायोटिकना एच-वन यादीचा नियम लागू आहे. अशा औषधाच्या विक्रीची नोंद, रोग्याचे आणि डॉक्टरांचे नाव लिहून, दुकानदाराला तीन वर्षे ठेवावी लागते. म्हणजे ‘परवा शेजाऱ्याला दिली तीच द्या’ असे म्हणून गोळी मागणे आपल्या हिताचेही नाही आणि नियमातही बसत नाही. शेजाऱ्याने सांगितले म्हणून मान्य करू नका, तपासून पाहा, ही तर आपल्या धम्माचीच शिकवण आहे.

सुट्टी होताना सिस्टरला चार गोष्टी विचारून घ्या. हे औषध कशासाठी? किती तासांनी? किती दिवस? कोणती लक्षणे दिसली तर परत यायचे? घरात वाचता येणारे कोणी असेल तर लिहून घ्या. नसेल तर सिस्टरला पाकिटावर सूर्य-चंद्राच्या खुणा करून द्यायला सांगा.

विहारात चर्चेसाठी

दरवर्षी १८ ते २४ नोव्हेंबर हा प्रतिजैविकांविषयी जागृतीचा जागतिक सप्ताह असतो. त्या आठवड्यात एका संध्याकाळी वंदनेनंतर वस्तीतल्या सिस्टरला किंवा आशाताईला बोलवा. पुढील प्रश्नांवर बोला.

१. आपल्या घरात उरलेल्या कोणत्या गोळ्या पडून आहेत? त्या कशासाठी होत्या?
२. सर्दी आणि न्यूमोनिया यांतला फरक घरी कसा ओळखाल?
३. अँटिबायोटिक सुरू करण्याआधी नमुना का घेतात?
४. सुई बंद करून गोळी दिली, तर सिस्टरला काय विचाराल?
५. सिकलसेलच्या मुलाला ताप आला तर पहिली गोष्ट कोणती कराल?

त्या आजारी भिक्खूला एकट्या तथागतांनी उचलले नाही. आनंदांनी दुसरी बाजू धरली होती. वॉर्डातही एक बाजू सिस्टरने धरलेली आहे. दुसरी बाजू आपण धरायची आहे.

जय भीम.